खेळावरचा निबंध: यात वाद कुठे आहे?

पोळा झाला की शाळा-कॉलेजांच्या फळ्यांवर निबंध आणि वादविवाद स्पर्धांच्या सूचना लागतात आणि आमच्याकडची पत्रं वाढतात. या वेळी बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे: खेळावर मत मांडणारा निबंध लिहायचाय, विषय कोणता घेऊ? त्यातली काही पत्रं उत्तरांसह देत आहोत. लांब पत्रांना थोडी कात्री लावली आहे.

मी नववीत आहे. मराठीच्या मॅडमनी ‘खेळ’ यावर वैचारिक निबंध सांगितला होता. मी ‘जीवनातील खेळाचे महत्त्व’ लिहिला. मॅडमनी खाली लाल पेनाने ‘यात वाद कुठे आहे?’ एवढंच लिहून वही परत दिली. मी शाळेच्या कबड्डी संघात आहे. विषय कसा शोधू?
– विद्यार्थिनी, अमळनेर

मॅडमनी चार शब्दांत नेमकी दुखरी जागा दाखवली आहे. तुझं वाक्य उलटं करून मोठ्याने म्हणून बघ: ‘जीवनात खेळाला काहीही महत्त्व नाही.’ हे मनापासून बोलणारा एक तरी शहाणा माणूस अमळनेरच्या बाजारात सापडेल का? नाही सापडणार. मग तू वाद घालणार कोणाशी? समोर कोणी नसलं की निबंध भाषणासारखा फुगतो आणि ‘सुदृढ शरीरात सुदृढ मन’ वगैरे वाक्यं आपोआप येऊन बसतात.

म्हणून विषय पुस्तकात शोधू नकोस, मैदानावर शोध. तुमच्या संघात गेल्या महिन्यात कशाकशावरून भांडणं झाली, ते कागदावर लिही. पंचांचा निर्णय, सरावाची वेळ, मुलींना मैदान कधी मिळतं, दहावीला खेळाचे वाढीव गुण, माती की मॅट. पाच मिनिटांत पाच-सहा विषय निघतील. त्यातला ज्यावर तुझा आवाज चढतो, तो घे.

समजा तू ‘माती की मॅट’ घेतलंस. आता हे वाक्य घडवावं लागेल.

पहिला घाट: ‘कबड्डी मातीवर खेळावी की मॅटवर?’ हा नुसता प्रश्न झाला, तुझं मत कळत नाही. दुसरा घाट: ‘कबड्डी मॅटवरच खेळली पाहिजे.’ मत आलं, पण ते सगळ्या जगाला लागू केलंस. गल्लीतली पोरं संध्याकाळी खेळतात त्यांनीही मॅट आणायची का? एवढा एक प्रश्न विचारला की वाक्य पडतं. तिसरा घाट: ‘तालुका पातळीच्या शालेय कबड्डी स्पर्धा मॅटवरच घ्याव्यात.’ आता कोणाच्या, कुठल्या आणि काय करायचं, हे तिन्ही आलं. आणि आता ‘नाही ना भो!’ म्हणणारी माणसंही उभी राहिली: खर्चाच्या काळजीने संस्थेचे सचिव, मॅट ठेवायची कुठे म्हणून क्रीडाशिक्षक आणि मातीतच वाढलेले जुने खेळाडू. असा विरोधक मिळाला की विषय चांगला समजावा.

पुढे मुद्दे. कबड्डी १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपासून पदकाचा खेळ आहे, महिलांची कबड्डी २०१० च्या ग्वांगझूपासून. आता वरच्या पातळीचे सामने मॅटवर होतात, २०१४ पासूनची प्रो कबड्डीही मॅटवरच. म्हणजे जी मुलगी वर्षभर मातीवर खेळते, तिला पुढच्या पातळीवर गेल्यावर पायाखालची जमीनच बदललेली मिळते. मातीवर पाय थोडा सरकतो आणि त्या सरकण्याच्या अंदाजाने आपण वळतो. मॅट पाय धरून ठेवते. शरीर वळलं आणि पाऊल नाही वळलं, की ताण गुडघ्यावर येतो. मातीत कोपर-गुडघे खरचटतात, ते वेगळं. हे तू स्वतः बघितलेलं असणार. हेच लिही, ‘मॅट आधुनिक आहे’ असलं काही लिहू नकोस.

मग हिशेब. महिला आणि ज्युनियर मुलींचं मैदान १२ बाय ८ मीटर असतं, म्हणजे ९६ चौरस मीटर. पुरुषांचं १३ बाय १०, म्हणजे १३०. एकमेकांत अडकवायचे मॅटचे तुकडे सहसा एक बाय एक मीटरचे मिळतात. तेव्हा मुलींच्या मैदानाला ९६ तुकडे, बाहेरची किनार वेगळी. जळगाव किंवा धुळ्याच्या खेळाच्या दुकानात एका तुकड्याचा भाव विचार आणि ९६ ने गुण. हा आकडा तुझ्या बाजूचा नाही, विरोधकाचा आहे. तरी तो तूच निबंधात आधी मांड, म्हणजे तो टाळलास असं कोणी म्हणणार नाही.

असा हिशेब करता करता मत थोडं हललं तर घाबरू नकोस. उघड्यावर पसरलेली मॅट आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हात तापते, सर आली की निसरडी होते. तेव्हा कदाचित तुझं शेवटचं वाक्य असं होईल: ‘जिथे छत आहे अशाच ठिकाणी तालुका स्पर्धा घ्यावी आणि ती मॅटवर घ्यावी.’ पहिल्या वाक्यापेक्षा हे कितीतरी भक्कम आहे.

मुलगा अकरावीत आहे. त्याला क्रिकेटशिवाय काही सुचत नाही. क्रिकेटचा विषय घासून गुळगुळीत झालाय, दुसरा घे, असं मी म्हणतो. बरोबर आहे ना?
– पालक, शिरपूर

अर्धं बरोबर. ‘क्रिकेटमुळे इतर खेळांवर अन्याय होतो’ हा विषय खरोखर गुळगुळीत झालाय, परीक्षकाला पहिल्या ओळीतच पुढच्या दोन पानांचा अंदाज येतो. ‘सचिन मोठा की विराट’ हा तर वादच नाही, आवड आहे. आवड पुराव्याने बदलत नाही. कोणाला शेवभाजी तिखट लागते, कोणाला लागत नाही, त्यावर निबंध होत नाही.

पण क्रिकेटच्या नियमांत उत्तम विषय दडलेले आहेत. त्याला नियमाकडे वळवा. उदाहरणार्थ, नॉन-स्ट्रायकरला, म्हणजे गोलंदाजाच्या टोकाला उभ्या फलंदाजाला, चेंडू टाकण्याआधी धावबाद करणं. १९४७ मध्ये सिडनी कसोटीत विनू मंकड यांनी बिल ब्राउनला असं बाद केलं आणि त्या प्रकाराला मंकडांचंच नाव चिकटलं. सप्टेंबर २०२२ मध्ये लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने चार्ली डीनला असंच बाद करून सामना संपवला, तेव्हा पुन्हा तोच गदारोळ. ऑक्टोबर २०२२ पासून एमसीसीने, म्हणजे क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या लंडनच्या क्लबने, हा नियम ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून ‘धावबाद’ या कलमात टाकला.

इथे मुलं हमखास एक चूक करतात: ‘हे नियमात बसतं’ हे सिद्ध करण्यात अख्खा निबंध घालवतात. नियमात बसतं, हे विरोधकही मान्य करतो. त्याचं म्हणणं एवढंच की आधी एकदा ताकीद द्यावी. मग वाद ताकिदीचा आहे. ‘गोलंदाजाने ताकीद देण्याची गरज नाही, कारण क्रीज सोडून दोन पावलं पुढे सरकणारा फलंदाज त्या चेंडूवर फायदा आधीच घेऊन बसलेला असतो’ असं वाक्य हवं. यष्टिरक्षक यष्टिचीत करताना फलंदाजाला ताकीद देतो का, ही तुलना कामी येईल. विरोधक म्हणेल, यष्टिचीत होणारा फलंदाज निदान तो चेंडू खेळायला पुढे आलेला असतो. पुढचं मुलाला सुचेलच.

आयपीएलचाच हट्ट असेल तर २०२३ पासून आलेला इम्पॅक्ट प्लेअरचा, म्हणजे सामना चालू असताना एक खेळाडू बदलण्याचा, नियम घ्यावा. त्यात अष्टपैलू खेळाडूची किंमत कमी होते का, हा एकच धागा धरावा. मनोरंजन, जाहिराती, लिलाव असं सगळं घेतलं की गाठोडं सुटतं.

हॉकी आपला राष्ट्रीय खेळ असूनही दुर्लक्षित का, हा विषय कसा आहे?
– विद्यार्थी, जळगाव

पायाच कच्चा आहे. कोणताही खेळ अधिकृतपणे राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही, असं क्रीडा मंत्रालयानेच २०१२ मध्ये माहिती अधिकाराच्या उत्तरात सांगितलं आहे. ज्या गोष्टीचं उत्तर एका कागदावर मिळतं तिथे वाद नसतो, माहिती असते. ‘देशाला अधिकृत राष्ट्रीय खेळ असावाच का?’ असं वळवलंस तर मात्र विषय जिवंत होतो.

मी आश्रमशाळेत शिकवतो. आमच्या मुलांना पेपर दोन दिवसांनी मिळतो, इंटरनेटची रेंज तर डोंगरावर चढलं तरच. शहरातली मुलं आकडे टाकून निबंध लिहितात. आमच्या मुलांनी कोणता विषय घ्यावा?
– शिक्षक, धडगाव तालुका

सर, शहरातल्या मुलांचे आकडे बहुतेक वेळा एकमेकांच्या वहीतून आलेले असतात. तुमच्या मुलांना ते स्वतः मोजता येतात. ज्याचा पुरावा शाळेच्या आवारात मोजता येईल, तोच विषय त्यांच्यासाठी चांगला.

मोजायला काय लागतं? दोरी, मोबाइलमधलं घड्याळ आणि हजेरीचं पान. वेळापत्रकात खेळाचे तास किती आणि गेल्या चार आठवड्यांत त्यातले प्रत्यक्ष किती झाले, हे दोन मुलं रोज फळ्याच्या कोपऱ्यात लिहू शकतात. महिन्याने ‘खेळाचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये’ या निबंधाला त्यांचा स्वतःचा आकडा मिळेल. (गणिताचे सर रागावतील. विरोधकही घरबसल्या मिळाला.)

तुमच्याकडे मुलं धावण्यात तरबेज असतात, त्यातून आणखी एक विषय निघतो: ‘तालुका स्पर्धेला जाणाऱ्या धावपटूंना शाळेने बूट द्यावेत.’ वरवर बघता यात वाद दिसत नाही, पण आहे. अॅथलेटिक्सच्या नियमात अनवाणी धावायला मनाई नाही. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमला अनवाणी मॅरेथॉन धावून ऑलिंपिक सुवर्ण घेऊन गेला. ‘मग बूट कशाला?’ असं विरोधक विचारणारच. उत्तर त्याच माणसाकडे आहे: १९६४ मध्ये टोकियोला बिकिला बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला. म्हणजे या उदाहरणातून ना बूट सिद्ध होतात, ना अनवाणी पाय. एकाच खेळाडूच्या दाखल्यावर अख्खा निबंध उभा करणारी मुलं इथेच फसतात.

मुलांनी मग जवळचं बघावं. सराव कशावर होतो, मुरमावर की गवतावर? स्पर्धा कशावर होते? संघातल्या किती जणांच्या टाचेला भेगा आहेत, किती जणांना मागच्या महिन्यात काटा-काच लागून सराव बुडवावा लागला? आणि एक गोष्ट निबंधात यायलाच हवी: स्पर्धेच्या आदल्या दिवशी कोरे बूट हातात ठेवले तर मुलाच्या पायाला फोड येऊन तो मागे पडतो. पायाला सवय व्हायला दोन-तीन आठवड्यांचा सराव लागतो. म्हणून वाक्य ‘बूट द्यावेत’ एवढंच नको, ‘स्पर्धेच्या किमान तीन आठवडे आधी द्यावेत’ असं हवं. असा तपशील असला की लिहिणाऱ्याने मैदान पाहिलंय हे परीक्षकाला कळतं.

एक सांभाळा. वर्गातल्या ३० मुलांना विचारलं तर ‘आमच्या वर्गातल्या ३० पैकी २१’ असंच लिहायला लावा. ‘आदिवासी भागातील ७० टक्के मुले’ असं झालं की तो आकडा खोटा ठरतो. आणि मोजणी निबंध लिहिण्याआधी करा. मत ठरवून मोजायला बसलं की बोटं आपोआप वाढतात.

‘महिला आणि पुरुष क्रिकेटपटूंना समान मानधन’ हा विषय वादविवादाला मिळालाय, मी बाजूने बोलणार आहे. पण २०२२ मध्येच समान केलं ना? मग बोलायचं काय?
– विद्यार्थिनी, भुसावळ

काय समान झालं, ते नीट बघ. बीसीसीआयने ऑक्टोबर २०२२ मध्ये समान केली ती सामन्याची फी: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. वर्षाच्या कराराची रक्कम त्यात नव्हती. त्या वेळी पुरुषांची सर्वात वरची श्रेणी ७ कोटींची होती, महिलांची ५० लाखांची. शिवाय फी समान असली तरी कसोटी किती मिळतात? महिलांच्या वाट्याला कसोटी फारच थोड्या येतात, त्यामुळे तो १५ लाखांचा आकडा बराचसा कागदावरच राहतो.

समोरचा ‘प्रेक्षक आणि जाहिराती पुरुषांच्या सामन्यांना जास्त’ हेच म्हणणार. त्याला ‘महिलाही तेवढीच मेहनत घेतात’ हे उत्तर चालत नाही, कारण तो मेहनतीबद्दल बोलतच नाहीये. बाजाराच्या मुद्द्याला बाजाराच्याच मुद्द्याने उत्तर दे: सामने कमी ठेवले, प्रक्षेपण कमी ठेवलं, तर प्रेक्षक येणार कुठून? महिलांची लीग, डब्ल्यूपीएल, सुरू झाली २०२३ मध्ये, आयपीएल २००८ मध्ये. पंधरा वर्षांचं अंतर आहे. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिलांनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तो विसरू नकोस. पण तो शेवटी वापर. सुरुवातीलाच टाळ्या घेतल्या की पुढचे मुद्दे कोणी ऐकत नाही.

बैलगाडा शर्यतीवर लिहावं असं वाटतं. पण कोर्टाने निकाल दिलाय, आता वाद उरला का?
– वाचक, चोपडा

उरला आहे, फक्त जागा बदलली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ ला या शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. म्हणजे ‘कायद्याने चालते का’ हा प्रश्न मिटला. ‘चालावी का, आणि चालली तर कशी’ हा तुमचा. त्यासाठी ‘बंदी हवी’ किंवा ‘परंपरा जपा’ ही दोन्ही टोकं सोडा, त्यावर सगळे लिहून मोकळे झालेत. ‘बैलगाडा शर्यत हा खेळ आहे का?’ हे घ्या.

इथे व्याख्या आधी करावी लागते. खेळाडू कोण, बैल की हाकणारा? ‘प्राणी असला की तो खेळ नव्हे’ असं कोणी लिहिलं तर घोडेस्वारीने ते पडतं, ती ऑलिंपिकमध्ये आहे. आपल्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या शर्यती होतात, तिथला दाखला जवळचा पडेल. मग फरक कुठे? स्वाराचं कौशल्य किती, जनावराला त्रास किती आणि पैजेचा पैसा किती, या तीन कसोट्या लावून बघता येतं. तिन्हींवर सारखी पानं खर्च करू नका. तुमचं मत ज्या कसोटीवर ठरतं, तिला निम्मा निबंध द्या.

बारागाड्या मात्र यात घुसवू नका. तिथे गाड्या माणूस ओढतो आणि ते नवसाचं, श्रद्धेचं काम आहे. तुलना करायला गेलात की गावात वेगळाच वाद सुरू होईल.

ई-स्पोर्ट्स खेळ आहे, असं लिहिलं तर घरचे आणि सर दोघं चिडतात. लिहू का?
– विद्यार्थी, नंदुरबार

लिही. पण आधी तीन गोष्टी वेगळ्या कर: स्पर्धा म्हणून खेळलेले व्हिडिओ गेम, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आणि रात्री दोनपर्यंत मोबाइल. घरचे तिसऱ्यावर चिडतात, तू पहिल्याबद्दल बोलतोयस. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानेही पैशांच्या खेळांवर बंदी आणताना ई-स्पोर्ट्स वेगळे काढले. चीनमधल्या हांगझू आशियाई स्पर्धेत, जी २०२३ मध्ये झाली, ई-स्पोर्ट्सला पदकं होती. विरोधकाचा सगळ्यात कडक मुद्दा असा: कबड्डीचे नियम कोणाच्या मालकीचे नाहीत, पण गेम एका कंपनीच्या मालकीचा असतो, ती उद्या तो बंद करू शकते. याचं उत्तर सापडलं तर विषय घे. नाही सापडलं तर बाजू बदल.

माझं मत कधीच पूर्ण एका बाजूला नसतं. विनेश फोगाटवर लिहायचंय, पण मला दोन्ही बाजू पटतात. असा निबंध चालेल का?
– विद्यार्थिनी, पाचोरा

‘दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे’ असं लिहून संपवलंस तर नाही चालणार. पण अर्धं-अर्धं मत असलं की बहुतेक वेळा त्या प्रश्नात दोन प्रश्न अडकलेले असतात. ते सोडवून दाखवलेस तर तो सगळ्यात चांगला निबंध होतो.

घटना बघ. ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक, महिला कुस्ती, ५० किलो वजनी गट. पहिल्या दिवशी विनेश वजनात बसली, तीन लढती जिंकून अंतिम फेरीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरली. नियमाप्रमाणे ती बाद, आणि तिला शेवटचं स्थान. क्रीडा लवादाकडे दाद मागितली, तीही फेटाळली गेली.

आता यातले दोन प्रश्न. एक: जास्त वजन भरलेल्या खेळाडूला अंतिम लढत खेळू द्यावी का? तुला वाटत असेल, नाही. १०० ग्रॅम चालले तर २०० का नाहीत, आणि समोरची मल्ल तर वजन सांभाळून आलेली आहे. दोन: आदल्या दिवशी वजनात बसून जिंकलेल्या लढती पुसून टाकाव्यात का? इथे तुला वाटत असेल, नाही, त्या दिवशी तिने नियम पाळला होता. म्हणजे तुझी दोन्ही मतं एकत्र नांदू शकतात. मग वाक्य असं होतं: ‘दुसऱ्या दिवशी वजन चुकलेल्या मल्लाला पुढची लढत नाकारावी, पण आधीच्या लढतींतून मिळालेलं स्थान काढून घेऊ नये.’

विरोधक विचारेल, मग रौप्य कोणाला? उपांत्य फेरीत हरलेल्या मल्लाला अंतिम लढतीत पाठवलं, तर तिच्या जागी कांस्यपदकाच्या लढतीत कोण येणार? कागदावर लढतींचा तक्ता काढ, चौकोन आणि रेघा, आणि प्रत्येक मल्ल कुठे सरकते ते बाणांनी दाखव. तक्ता जुळला तर निबंध लिहायला बस. जिथे बाण अडकेल, तिथला परिच्छेद सगळ्यात आधी लिही.